तू आधी सांग

पोटातला फोटो पाहिजे, असा अंबुजाबाईंनी सकाळपासून धोशा लावला होता. पावनीचा पहिला वाढदिवस तोंडावर आला होता आणि देवराज मोहल्ल्यातल्या छपाईवाल्याकडून एक लांबलचक फलक करून घ्यायचा त्यांचा बेत होता. डावीकडे पोटातली पावनी, मग बारशातली, मग पालथी पडलेली, मग दोन दातांची, आणि उजवीकडे अगदी टोकाला आत्ताची, खुर्ची धरून उभी. "सगळ्यांत पहिलं तेच पाहिजे बघ," त्या स्वयंपाकघरातून सुनेला म्हणाल्या. "ते काळं-पांढरं. शेजारच्या श्रीवत्सच्या लेकाच्या वेळी त्यांनी लावलं होतं की. आपण काय कमी?" "शोधते अम्मा," यशस्विनी म्हणाली. "शोधते शोधते म्हणून कालपण सांगितलीस. त्या चुक्क्या बघायचं सोडून जरा घरातलं काय हरवलंय ते बघ." चुक्क्या म्हणजे चांदण्या. सुनेनं दीर्घिकांवर डॉक्टरेट केली होती, पण अंबुजाबाईंच्या लेखी तो सगळा कारभार चुक्क्यांचाच होता, आणि यशस्विनीलाही त्यात कधी काही खटकलं नव्हतं. उलट लग्न झाल्यावर या घरात पहिल्यांदा हसू आलं होतं ते याच शब्दावर.

सोनोग्राफीच्या कागदावरचं चित्र केव्हाच विरून गेलं होतं. तो कागदच तसला; डॉक्टरांच्या फायलीत आता नुसता दुधाळ तुकडा उरला होता आणि त्याच्या कोपऱ्यात तिचं अर्धवट नाव. पण विरायच्या आधी आपण त्याची प्रत लॅपटॉपवर घेतली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. पावनी दुपारची झोपली, तशी ती खिडकीखालच्या टेबलाशी बसली. त्यांच्या विजयनगर वस्तीतली दुपार म्हणजे कुठेतरी पाण्याची मोटर, लांबून एखादा भाजीवाला, आणि मग काही नाही. हा तिचा तास. लेक झोपली की सुरू व्हायचा आणि पाळण्याची दोरी हलली की संपायचा. त्याची लांबी आधी कुणाला सांगता यायची नाही. गेलं वर्षभर तिनं जे काही केलं होतं ते असल्या तासांत केलं होतं. 'पावनी पोटात' असं नाव तिला लगेच सापडलं. तिनं ते उघडलं आणि पडद्यावर एक दीर्घिका आली.

तिला ती ओळखीची होती. दोनशे सतरा. गोल, स्वच्छ तबकडी, एका बाजूला किंचित जाड झालेली भुजा. यशस्विनीला एकदम हसू फुटलं. लसीच्या तापाचा तो दिवस आठवला. पावनी मांडीवर किरकिरत होती, डाव्या हातानं तिला थोपटत उजव्या हातानं यशस्विनी नवऱ्यासाठी, शशांकसाठी, दीर्घिकांची लहान-लहान चित्रं करत होती, एकेकीला आकडा देत होती. आणि त्याच वेळी अमेरिकेतल्या नणंदेनं, सहनानं, पोटातला फोटो मागितला म्हणून तोही बारीक करून घेतला होता. दोन करडे चौकोन शेजारी-शेजारी. याचं नाव त्याला आणि त्याचं याला. म्हणजे सहनाला त्या दिवशी गेली होती ती दोनशे सतरा. आणि सहनानं तिकडून उत्तर काय धाडलं होतं? 'अय्यो वहिनी, अगदी शशांकचं नाक.' यशस्विनीनं तोंडावर पदर धरून हसू दाबलं, झोपलेल्या लेकीकडे बघितलं, आणि हे शनिवारी शशांकला सांगायचं, असं मनाशी म्हणताम्हणता तिचा हात आपोआप दुसऱ्या कप्प्याकडे गेला. शशांकला पाठवलेल्या चित्रांचा कप्पा. दोनशे सतरा. तिथं पावनी होती. बाकीच्या चित्रांबरोबर तीही त्यांच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे उलट्या रंगात गेली होती, आकाश पांढरं आणि उजेड काळा. पण वाकलेला पाठीचा कणा, मोठं डोकं, आणि तोंडापाशी नेलेली मूठ. आणि मग तिचं हसू थांबलं.

कारण दोनशे सतरावर शशांक काय म्हणाला होता ते तिला आठवलं. ते ती विसरणंच शक्य नव्हतं. दर रविवारी तो बेंगळूरला परत गेला की सोमवारी त्यांचा जुळवणीचा फोन असायचा. तो तिथल्या संस्थेत, ती इथे, आणि दोघांसमोर त्याच दीर्घिका; तिच्याकडे मूळ प्रतिमा, त्याच्याकडे तिनं पाठवलेली लहान चित्रं. ती आकडा बोलायची, तो म्हणायचा, "तू आधी सांग." ती म्हणायची, "दोनशे सतरा. शांत. तबकडी स्वच्छ, शेपटी नाही." आणि तिकडून थोडा वेळ जायचा, जणू तो पडद्यावर अजून एकदा बघून घेतोय. "हं," तो म्हणाला होता. "मलाही शांतच वाटली. मध्ये जरा कोरल्यासारखं झालंय, पण शांतच." मध्ये जरा कोरल्यासारखं. तेवढं त्यानं आपल्या पदरचं घातलं होतं.

तिनं लॅपटॉप मिटला नाही. मिटला असता तर मान्य केल्यासारखं झालं असतं. ती नुसती बघत बसली आणि तिला कारणं सुचू लागली, भराभर, एखाद्या हुशार वकिलासारखी. त्यानं चित्र उघडलं असेल, चुकीचं आहे हे कळलं असेल, मूळ प्रतिमा संस्थेच्या यंत्रावर आहेच, ती पाहिली असेल. किंवा त्याला ते दिसलं असेल आणि तो काही बोलला नसेल, कारण घरापासून लांब, परक्या खोलीत, अचानक लेकीचं पोटातलं चित्र समोर आल्यावर माणूस काय बोलणार. त्यानं ते जपून ठेवलं असेल, आणि फोनवर मुद्दाम कोरडं बोलला असेल. हे कारण तिला इतकं आवडलं की थोडा वेळ तिनं त्याच्यातच मुक्काम केला. शशांक खोलीत एकटा, पडद्यावर पावनीची मूठ. पण शशांक असला नव्हता. शशांकला एखादी गंमत पोटात ठेवता येत नसे. तलकाडच्या वाळूत त्याच्या चपलेचा पट्टा तुटला ते त्यानं आठवडाभर येईल त्याला सांगितलं होतं.

तलकाड. ती पाचव्या महिन्यात होती तेव्हा ते गेले होते, कावेरीकाठी. वाळूच्या टेकडीतून उपसून काढलेली देवळं, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, आणि कडेला पुन्हा घरंगळून येणारी वाळू. शशांक कठड्याला रेलून म्हणाला होता, "हे बघ, हेच करतो आपण. कमी उपसली तर देऊळ दिसत नाही, जास्त उपसली तर देवळाखालचीच निघून येते." ती हसली होती, कारण ते खरंच तेच करत होते. दीर्घिकेच्या पोटात एक कृष्णविवर असतं. वजनानं तिच्या मधल्या फुगवट्याच्या हजारव्या हिश्शाइतकं, आकारानं तर त्याहून कितीतरी नगण्य. सबंध गावात एक मोहरी म्हटली तरी जास्त होईल. पण त्याच्याकडे वायू ओढला जाऊ लागला की तो पडतापडता असा तापतो, की त्या एका ठिपक्याच्या उजेडात सबंध दीर्घिका बुडून जाते. ती दिसावी म्हणून तो उजेड मापानं वजा करायचा, आणि मागे जे उरेल त्याकडे डोळे लावून बसायचं. उरलेलं विस्कटलेलं असेल, शेपट्या निघालेल्या असतील, तर कुणीतरी दुसरी येऊन धडकली आणि त्या घुसळणीत वायू मध्यापर्यंत गेला. शांत असेल, तर बाहेरून कुणी आलंच नाही. आतलंच हळूहळू आत सरकत गेलं. आणि मग तो तापलेला मध्य वारा सोडतो, उरलासुरला वायू बाहेर फेकून देतो, नवे तारे जन्मायचे थांबतात, त्याचं स्वतःचं खाणंही आटतं. अशी ती दोघं अब्जावधी वर्षं एकमेकांना वाढवतात आणि रोखतात, आणि शेवटी एकाच्या वजनावरून दुसऱ्याचं वजन सांगता येतं. एवढीशी मोहरी आणि एवढं गाव, यांची गाठ पडली कशी, हा तिचा प्रश्न होता. लग्नाआधीपासूनचा. शशांकही त्याच प्रश्नातून तिला भेटला होता.

तिच्या वडिलांना, मालोजीरावांना, हे सगळं समजावून सांगायला तिला पाच मिनिटं लागली होती. त्यांचे पणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात. घरात अजून बोलताबोलता लगाम आणि पहारा येई. "म्हणजे जोडपहारा म्हणायलीस," ते म्हणाले होते. कारण तिच्या मार्गदर्शकांचा, हयग्रीव सरांचा, नियम ऐकून त्यांना तेच आठवलं. सर म्हणायचे, एका माणसाचा डोळा म्हणजे मत, आणि दोन माणसांनी एकमेकांचं न बघता तेच सांगितलं तर ती मोजणी. डोळ्यांनी ठरवायच्या कामात तेवढाच आधार असतो. "आमच्याकडे दोघंजण असायचे," मालोजीराव म्हणाले, "एक या टोकाला, एक त्या टोकाला. हा ओरडायचा, सब ठीक. तो तिकडून ओरडायचा, सब ठीक. त्यात एकदा तुकोजीराव म्हणून एकजण पकडला गेला. झोपेतच ओरडायचा. पहिल्याचा आवाज आला की तिकडून ह्याचा. ओरडायला डोळे कशाला उघडायला पाहिजेत, अल्वा? खरं ना?" आणि ते स्वतःच्याच गोष्टीवर खोकला येईपर्यंत हसले होते. तीही हसली होती. शशांकही तिथेच होता. तोही हसला होता.

पाळण्याची दोरी हलली. पावनी उठून बसली होती आणि गाल एका बाजूला लाल झाला होता. तिला उचलून घेताना यशस्विनीला तिच्या अंगाचा झोपेचा वास आला, आणि का कोण जाणे, तेव्हाच ती गोष्ट तिच्या छातीत खाली उतरली. सोमवारचे ते फोन. वर्षभर तिला वाटत आलं होतं की आपण दोघं एकाच वेळी एकच बघतोय. लेक अंगावर पीत असायची, मान अवघडलेली, एका हातानं ती चित्र पुढे सरकवायची, आणि मनात असायचं की तिकडे, सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, त्याच्याही पडद्यावर आत्ता हीच आहे. एकत्र राहता येत नाही तर एकत्र बघता तरी येतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. सांगितलं असतं तर भाबडं वाटलं असतं. "तू आधी सांग." तिला ते केवढं मोठं दान वाटायचं. कुणी तिला कशातच आधी सांग म्हणत नव्हतं. बाळंतपणानंतर जो तो तिला सांगत होता: काय खा, कसं निज, लेकीला कुठल्या कुशीवर घे. आठवड्यातून एकदा एक माणूस म्हणायचा, तू आधी सांग, आणि गप्प राहून ऐकायचा.

आणि ती भांडणं. तेच तिला सगळ्यांत जास्त सोसेना. मधूनच तो म्हणायचा, "नाही यशू, इथं मला जरा विस्कटलेलं वाटतंय. डावीकडे बघ." आणि ती डावीकडे बघत राहायची, उजेड कमी-जास्त करून, लेकीला खांद्यावर टाकून, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. काही दिसायचं नाही. मग ती भांडायची, तो हटायचा नाही, आणि दोन-तीन ठिकाणी तिनं हार मानली होती. त्याचा डोळा ताजा आहे, माझा शिणलाय, असं म्हणून. नंतर खरोखरच तिला डावीकडे काहीतरी धूसर दिसू लागलं होतं. आता तिला कळलं, सगळंच जुळलं तर कुणाला संशय येईल, म्हणून त्यानं अधूनमधून पेरलेला तो नकार होता. न बघता त्यानं तिला दिसायला लावलं होतं.

"फोटो मिळालं का गं?" अंबुजाबाईंनी विचारलं. "मिळेल अम्मा." "बेगा बघ, लौकर. तो छपाईवाला म्हणजे एक नंबर आळशी." मग त्यांनी सुनेच्या तोंडाकडे बघितलं. "काय झालं? ऊटा केलीस की नाही?" "जेवले की." "मग तोंड का असं? शशांक येणार म्हणून का?" आणि हसत त्यांनी नातीला काखेत घेतलं.

या दीर्घिकांवरच्या शोधनिबंधावर पहिलं नाव यशस्विनीचं होतं. छापायला मान्य झाला होता. शेवटची तपासणी सोमवारपर्यंत करून पाठवायची होती. परीक्षकांनी खास लिहिलं होतं, की दोन स्वतंत्र निरीक्षकांचं इतकं जुळणं हीच या कामाची ताकद आहे. आणि इथल्याच एका महाविद्यालयात मुलं लहान असलेल्या बायकांना पुन्हा संशोधनात घेणारी एक जागा होती, ती त्या निबंधावर टांगलेली होती. हयग्रीव सर फोनवर म्हणाले होते, "छापून आला की माझ्याकडे या, पत्र लिहून ठेवतो." तिनं या जागेचं घरात कौतुक केलं नव्हतं, पण टेबल खिडकीखाली कुठे बसेल, पावनीला सकाळी कुठे ठेवता येईल, रिकाम्या तासाला ग्रंथालय उघडं असेल का, इथपर्यंत मनात मांडून झालं होतं. सोमवारी नुसतं 'ठीक आहे' लिहून पाठवलं की झालं. सब ठीक. त्या चित्रांच्या अदलाबदलीला साक्षीदार ती एकटीच होती, आणि चित्रातलं एक न जन्मलेलं मूल.

शुक्रवारी संध्याकाळी शशांक आला. बरोबर लेकीसाठी लाकडी बदक, आईसाठी तिच्या गुडघ्याचं तेल, आणि यशस्विनीसाठी, कुणाला न दाखवता, तिच्या आवडत्या दुकानातली खोबऱ्याची वडी. त्यानं पावनीला उंच फेकून झेललं, आईची थट्टा केली, जेवताना दोनदा सांबार मागितलं. तो तसाच होता. यशस्विनी त्याच्याकडे बघत होती आणि तिला वाटत होतं, हा कुठेतरी मळलेला दिसेल, कुठेतरी याच्या बोलण्याला शिवण दिसेल. काही नव्हतं. त्याच्या प्रेमळपणात काही खोटं नव्हतं, हेच तिला कळेना. ते बाजूला काढून ठेवावं तर मागे काय उरेल याची तिला भीती वाटली.

शनिवारी जेवणं झाल्यावर अंबुजाबाई नातीला दहीभात भरवत आत-बाहेर फिरत होत्या. यशस्विनीनं लॅपटॉप उघडला आणि त्याला बोलावलं. "एक बघायचंय." "सोमवारी पाठवायचं तेच ना? पाठवून टाक की आता. तीनतीनदा वाचलंय सरांनी." "एक चित्र आहे." तो खुर्ची ओढून शेजारी बसला. तिनं आकड्याची पट्टी झाकून चित्र मोठं केलं. वर्षभरात पहिल्यांदाच दोघं एका पडद्यासमोर होते. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला आणि तो तिनं बाजूला घेतला नाही. "आज तू आधी सांग," ती म्हणाली.

त्यानं बघितलं. खरंच बघितलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती, त्याच्याकडे बघत होती. पूर्वी, लग्नाआधी, प्रयोगशाळेत बघायची तसे त्याचे डोळे बारीक झाले, मान पुढे गेली, अंगठा ओठावर आला. अजूनही त्याला बघता येत होतं. कुठल्याही सोमवारी आलं असतं. "अरे, ही सुंदर आहे," तो म्हणाला. "ही तर सरळ टक्कर. हे बघ, हा मोठा गाभा, आणि इथं दुसरा, छोटा, त्याला चिकटलेला. ही खालून वळलेली शेपटी. एवढी लांब. शांत म्हणणारा आंधळा असला पाहिजे. कुठली ही? आपल्यातली नाही ना?" "आपल्यातलीच." "छे. आपल्यात अशी असती तर माझ्या लक्षात राहिली नसती का?" तिनं पट्टीवरचा हात काढला. दोनशे सतरा. तो त्या आकड्याकडे बघत राहिला. त्याला तो आकडा आठवला की नाही हे तिला कळलं नाही. त्याला कशाला आठवेल. "ही शांत आहे असं तू म्हणाला होतास," ती म्हणाली. "मध्ये जरा कोरल्यासारखं, पण शांत."

तेवढ्यात अंबुजाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या, वाटी हातात, नात काखेत. त्यांनी चष्मा वर केला. "अय्यो, मिळालं की," त्या म्हणाल्या. "हेच, हेच. बघ कंदा, ही कोण? मूठ तोंडात घालून. अजूनपण अशीच निजते पोरटी." आणि त्यांनी दहीभाताचं बोट पडद्याजवळ नेलं. "पण हे उलटं का केलास रे शशांका? पांढऱ्याचं काळं? छपाईवाल्याला असलं देऊ नको, सरळ करून दे." आणि पावनीच्या तोंडात शेवटचा घास घालून त्या वाटी धुवायला निघून गेल्या.

शशांक पुन्हा पडद्याकडे वळला. त्याचा अंगठा अजून ओठावरच होता. मग त्यानं हात पुढे केला आणि पडद्यावरच्या त्या मुठीला लावायला गेला, आणि लावला नाही. "सुरुवातीच्या सगळ्या बघितल्या होत्या मी," तो हळू म्हणाला. "आईशप्पथ यशू. सगळ्या." "कुठपर्यंत?" त्यानं आत बघितलं, जिकडून नळाचा आणि पावनीच्या बडबडीचा आवाज येत होता. "ही व्हायच्या आधीपर्यंत." तिनं मान हलवली. तिला वाटलं होतं आपण ओरडू, रडू. तसलं काही आलं नाही. "तिथं दुसऱ्या कामाचा असला भार होता," तो बोलत होता. "इथं यायचं, परत जायचं, गाडीत झोपायचं. तू फोनवर इतकी उत्साहात असायचीस. एकदा वाटलं, या आठवड्याच्या राहू देत, पुढच्या वेळी एकदम बघतो. मग पुढच्या वेळी... तुला सांगायचं कसं, तेच कळेना." "म्हणून भांडायचास?" ती म्हणाली. "डावीकडे बघ म्हणून सांगायचास ते?" "यशू," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतकी माया होती की तिनं टेबलाची कड धरली, "पण निकाल तर तोच येणार आहे. तुझी नजर चुकत नाही. सर म्हणतात, मी म्हणतो. मी बघून वेगळं काय सांगितलं असतं?"

हे तो तिची समजूत घालायला म्हणाला होता. तिला ते कळत होतं. आणि तेच त्यानं केलेल्या सगळ्या गोष्टींत वाईट होतं. "मला डावीकडे दिसायला लागलं होतं शशांक," ती म्हणाली. "नसलेलं. तू म्हणालास म्हणून. माझी नजर चुकत नाही हे मला कुणी सांगायचं होतं?"

"सरांना कळवायलाच पाहिजे का?" त्यानं विचारलं. "मी आता बघतो. आज, उद्या. सोमवारच्या आत सगळ्या बघून टाकतो, तुझ्यासमोर बसून. नाहीतर तुझीच जागा जाईल गं. माझं काही जात नाही यात." ते खरं होतं. त्याचं काही जात नव्हतं. तिला क्षणभर ते दिसलंही: दोन दिवस, दोन खुर्च्या, तो एकेक चित्र बघतोय आणि ती शेजारी बसली आहे. वर्षभर तिला हेच तर हवं होतं. पण त्याला आता सगळी उत्तरं ऐकून ठाऊक होती, आणि तिच्यासमोर बसून तो तिच्या चेहऱ्याकडे बघितल्याशिवाय काही सांगू शकला नसता. आणि ती? ती त्याच्या 'हं' वर यापुढे कधी विश्वास ठेवणार होती? "तुला आता नाही बघता यायचं," ती म्हणाली. त्याच्या तोंडावर मारल्यासारखा तो मागे झाला.

पावनी रांगत आली, खुर्ची धरून उभी राहिली आणि दोघांच्या मध्ये हात वर करून थांबली. तिच्या दृष्टीनं कुणीही घेतलं तरी चाललं असतं. शशांकनं तिला उचललं आणि तो बाहेर गेला. लाकडी बदकाची चाकं अंगणातल्या फरशीवर खडखडू लागली. यशस्विनीनं सरांना लिहिलं. चार ओळींच्या वर लिहिण्यासारखं काही नव्हतं: पावनीच्या जन्मानंतरची चित्रं दुसऱ्या नजरेखालून गेलेली नाहीत, जे जुळलं म्हणून आपण लिहिलं आहे ते जुळलेलं नाही, निबंध छापायचा थांबवावा, नव्या माणसाकडून सगळं पुन्हा बघून घ्यावं लागेल. कोणाची चूक, ते तिनं लिहिलं नाही. आपलं नाव पहिलं आहे, एवढंच लिहिलं. पाठवायच्या आधी तिच्या मनात त्या महाविद्यालयाची खिडकी, टेबल, रिकामा तास हे सगळं एकदा येऊन गेलं, ओळीनं, शहाण्या मुलांसारखं. मग तिनं पाठवून दिलं. पोटातला फोटो सरळ करून, काळ्याचं काळं आणि पांढऱ्याचं पांढरं करून, तिनं छपाईवाल्याच्या नावानं बाजूला ठेवला.

अंबुजाबाई आत जरा आडव्या झाल्या होत्या, बाहेर बदक चालूच होतं. तास तिचा होता आणि त्यात करायचं काही उरलं नव्हतं. सवयीनं तिनं पहिलं चित्र उघडलं. एक नंबर, दोघांनी खरोखर मिळून पाहिलेलं, सरांच्या खोलीत, तिच्या पोटात कुणी नसताना. शांत, असं तेव्हा दोघं एकदमच म्हणाले होते आणि सर हसले होते. तिनं उजेड थोडा कमी केला. मग वाढवला. डाव्या अंगाला काहीतरी धूसर होतं, किंवा नव्हतं. ती वाकून बघत राहिली. पूर्वी यापुढचा क्षण तिला फार आवडायचा. उत्तर ओठांवर तयार असायचं आणि तिकडून 'तू आधी सांग' असा तो आवाज यायचा. आत्ताही तिचे कान त्याच्यासाठी थांबले होते, आणि आवाज आला असता तरी सांगायला तिच्यापाशी काही नव्हतं.